मूठ, पट्टी आणि भिशी : आपल्या दिंडीच्या पैशाची हकीकत

दिंडीला शंभर वर्षं पुरी होतात म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. संतचरित्रं, अभंगांचे अर्थ, गुरुपरंपरा हे विषय अधिकारी मंडळींनी घेतले आणि ते त्यांनाच शोभतात. आमच्याकडे दिंडीची वही वीस वर्षांवर आहे, म्हणून मंडळींनी सांगितलं, बुवा, तुम्ही पैशाचं लिहा. आमची शाळा चौथीपर्यंत. पुढं औत आणि टाळ, ह्या दोन गोष्टी शिकलो. तेव्हा शुद्धलेखनात चुकभूल दिसली तर माउलींनी सांभाळून घ्यावं, हिशेबात मात्र सांभाळून घेऊ नये.

पैशाचा विषय परमार्थात कशाला, असं काहींना वाटेल. पण दिंडीत दोनशे माणूस चालायला लागलं की सकाळी चहा लागतो, दुपारी पंगत लागते, रात्री अंगावर पांघरूण लागतं, कुणाचा पाय सुजला तर मलम लागतं. हे सगळं पांडुरंग देतो हे खरं, पण तो कुणाच्या तरी हातून देतो. त्या हातांची नोंद आजवर नीट झाली नाही.

पहिली रीत मुठीची. आपल्या शहागडला आणि आजूबाजूच्या गंगथडीच्या गावांत, आमच्या आजीच्या वेळेपासून आम्ही ऐकतो ते असं, की बाई जात्यावर बसली की दळणातली एक मूठ बाजूला काढायची आणि ती दिंडीच्या गाडग्यात टाकायची. बाजरीच्या दिवसांत बाजरी, जवारीच्या दिवसांत जवारी. आषाढ जवळ आला की विणेकरी बाबा चार टाळकरी घेऊन दारोदार फिरत, गाडगं पोत्यात रिकामं होई. कुणाच्या घरची पायली भरे, कुणाची अधोली, कुणाचं नुसतं चिपटं. कुणी कुणाला कमी का म्हणून विचारायचं नाही. पुरुषमाणसाची देणगी खळ्यावर. रास मळून झाली, वाऱ्यावर देऊन झाली, की बलुतेदारांच्या आधी किंवा नंतर, जसा ज्या घरचा शिरस्ता, एक सूप दिंडीचं. ह्या रीतीत रोख पैसा फारच थोडा. रोख लागे तो मीठ, तेल, गूळ, बैलांची पेंड आणि पंढरपुरातल्या उतरण्याच्या जागेसाठी.

आता इथं एक गोष्ट नव्या पोरांना ठाऊक नसते. आपला मुलूख निजामाचा होता. अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात, आणि पंढरपूर इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे आपला विठोबा परराज्यात. निजामाचं नाणं हाली, इंग्रजांचं कलदार. सात रुपये हाली दिले तर सहा रुपये कलदार मिळत. म्हणजे इथं गोळा केलेल्या सातातला एक सरहद्दीवरच जिरायचा. शिवाय करोडगिरीचा नाका होता. गाडीत शिधा किती, कापड नवं की जुनं, हे तिथला शिपाई उलगडून बघे. जुने लोक म्हणत की म्हणूनच धान्यावर भर होता. बाजरीला बट्टा लागत नाही. पुढं पंढरपुरात नगरपालिकेचा यात्रेकरूंवरचा कर द्यावा लागे, आणि मागाहून पटकीची सुई टोचून घ्यावी लागे. सुईला भिऊन कुणी आडवाटेनं गेलं तर विणेकरी त्याला परत आणून रांगेत उभा करीत. आम्हाला ही गोष्ट वडिलांनी सांगितली आणि सांगताना दंड चोळून दाखवला होता.

गंगेवर पूल नव्हता तेव्हा आधी नाव. आषाढात गंगेला पाणी असतं. नावाड्याला पैसे घ्यायचे नसत, पण त्याच्या घरी दिंडीच्या मापाचं धान्य आधीच पोहोचतं व्हायचं. आम्ही तर म्हणतो दिंडीचा पहिला मानकरी नावाडीच. तो अलीकडच्या काठाला राहायचा, पंढरी त्याला कधी घडली नसेल.

मोठ्या पालख्यांची गोष्ट वेगळी. आळंदीच्या माउलींचा सोहळा ज्यांनी आजच्या रूपाला आणला ते हैबतबाबा आरफळकर, सातारकडचे, शिंदे सरकारच्या पदरी ग्वाल्हेरला होते. त्यांना अंकलीच्या शितोळे सरकारचा आधार मिळाला. घोडे, तंबू, नैवेद्य हे शितोळ्यांकडून. आजही माउलींचे अश्व अंकलीहून येतात. ते वैभव पाहून मन भरतं. पण आपल्यासारख्या खेड्यातल्या दिंडीमागं कुणी सरदार नव्हता, इनाम जमीन नव्हती, सनद नव्हती. असलीच तर गाडग्यातली मूठ होती. आपल्यापासून वरच्या अंगाला पैठण, नाथांची जागा, आणि आपेगाव, माउलींच्या पूर्वजांचं गाव. ह्या वाटेवरच्या लोकांना देणं शिकवावं लागलं नाही एवढं खरं.

ह्या विषयात गाडगेबाबांवाचून पुढं जाता येत नाही. बाबा वारकरी संप्रदायाचे होते की नव्हते ह्यावर पंडितांनी वाद घालावा. आम्हाला एवढं कळतं की लोकांच्या पैशानं लोकांचं काम कसं करावं हे ह्या महाराष्ट्राला त्यांनी दाखवलं. बाबांचा जन्म 1876 चा, अमरावतीकडं शेंडगावला, परीट समाजात. नाव डेबूजी. 1905 साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर फुटकं गाडगं. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे, रात्री त्याच गावात कीर्तन. शिक्षण आमच्याइतकंही नाही. आणि ह्या माणसानं धर्मशाळा उभ्या केल्या पंढरपूरला, आळंदीला, देहूला, नाशिकला. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधवला. मुंबईत जे. जे. इस्पितळाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी उतरण्याची सोय केली, कारण खेड्यातला माणूस रोगी घेऊन मुंबईला जातो आणि स्वतः फुटपाथावर झोपतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

ह्यात पैशाची रीत कशी होती ते आम्ही नेहमी कीर्तनात सांगतो. बाबा पैशाला हात लावीत नसत. देणगी यायची ती कामाच्या नावावर, कामाची माणसं ठरलेली, विश्वस्त नेमलेले. ह्या इमारतींवर आपल्या घरच्या माणसांचा कसलाही हक्क नाही असं त्यांनी लिहवून ठेवलं. बायको कुंताबाई झोपडीत राहिल्या, नवरा लाखांच्या इमारती उठवतो आहे. पंढरपुरात अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या वारकऱ्याला कुठल्या मठात, वाड्यात पाठ टेकायला जागा नव्हती. तो वाळवंटात पावसात भिजायचा. त्याच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 साली ती बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. तयार इमारत, चालती जागा, देऊन टाकली. पावती कसली मागितली नाही. पुढं 1952 साली मिशन स्थापन केलं म्हणजे आपल्यामागं काम चालावं. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढी नदीपाशी वाटेतच देह ठेवला.

ह्याचा आपल्या दिंडीशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध सरळ आहे. आमच्या गावचा, आमच्याच भावकीतला एक माणूस घशाच्या आजारानं टाटा इस्पितळात होता. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं बायकोपोरासह कित्येक दिवस राहिला. भाडं नावाला. तो परत आला तेव्हा म्हणाला, बुवा, तिथं आपल्या जिल्ह्याची किती माणसं भेटली म्हणून सांगू. त्या वर्षापासून दिंडीच्या पट्टीतला एक भाग आजारी माणसाच्या गाडीखर्चाला काढून ठेवतात. ही गोष्ट वहीत ‘किरकोळ’ म्हणून दिसते. ती किरकोळ नाही.

मुठीचाच धागा साताऱ्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी उचलला. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातल्या गोरगरीब पोरांसाठी घरोघरच्या बायांकडून मूठ मूठ धान्य गोळा करवलं. मुष्टिफंड म्हणत त्याला. गाडगेबाबांचा त्यांना मोठा पाठिंबा. कराडच्या कॉलेजाला म्हणूनच बाबांचं नाव आहे. म्हणजे जी मूठ आपल्याकडं पंढरीला जात होती तीच मूठ तिकडं शाळेत गेली. आम्हाला विचाराल तर दोन्ही एकाच देवाला पोहोचल्या.

आणखी एक साल 1917. त्या वर्षी विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले, नेकनूरचे बंकटस्वामी त्या कामात पहिल्यापासून होते, म्हणून आपल्या भागात आळंदीला शिकलेले कीर्तनकार लवकर झाले. विद्यार्थी माधुकरी मागून शिकायचे. फी नाही, बिदागीची बोली नाही. त्याच 1917 साली तिकडं अमेरिकेत शिकागो गावी लायन्स क्लब म्हणून मंडळी एकत्र आली, असं आम्हाला नेत्रशिबिराला आलेल्या एका डॉक्टरांनी सांगितलं. रोटरी त्याच्याही आधीची, 1905 ची, तीही शिकागोचीच. हेलन केलर नावाच्या एक आंधळ्या बाई होत्या, त्यांनी 1925 साली ह्या लायन्स मंडळींपुढं उभं राहून सांगितलं की आंधळ्यांचं काम तुम्ही अंगावर घ्या, आणि तेव्हापासून ते डोळ्यांचं काम करतात. आम्हाला ऐकून नवल वाटलं. ना डोळे ना कान, आणि बाईनं हजारो डोळसांना कामाला लावलं. ह्यापेक्षा मोठं कीर्तन काय असतं?

क्लबाची रीत आम्ही त्या डॉक्टरांना खोदून विचारली. सभासद ठरलेला, वर्गणी ठरलेली, अध्यक्ष एका वर्षाचा, वर्ष संपलं की खाली उतरायचं. दर वर्षी नवा अध्यक्ष ही गोष्ट आम्हाला फार पसंत पडली. आपल्याकडं एकदा अध्यक्ष झाला की त्याचं नाव थेट संगमरवरावरच जातं. रोटरीनं 1985 पासून जगभर पोलिओच्या डोसासाठी पैसा उभा केला. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी 2011 च्या जानेवारीत सापडला, त्यानंतर नाही. त्या डोसाच्या रविवारी आपल्या दिंडीच्या बाया वाडीवस्तीवरून लेकरं घेऊन येत होत्या, हे आम्ही पाहिलेलं आहे. क्लबाची आणि दिंडीची गाठ पडली ती अशी. मात्र एक फरक आहे. क्लबात ज्याला वर्गणी परवडते तो सभासद. दिंडीत ज्याला काहीच परवडत नाही तोही चालतो, आणि पंगतीला त्याच्याच शेजारी सावकार बसतो. निदान बसावा असं ठरलेलं आहे.

पंगतीचं हे ठरलेलं काही सुखासुखी ठरलं नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांना उघडं व्हावं म्हणून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, दहा दिवस. तेव्हा कुठं देऊळ उघडलं. त्या वेळी आपण अजून निजामाच्या राज्यात. पुढच्या वर्षी रझाकारांचं भय, कित्येक घरं सरहद्दीपलीकडं गेलेली, 17 सप्टेंबर 1948 ला मोकळा श्वास मिळाला. जुनी मंडळी सांगत की त्या साली गाडगी भरली होती पण चालायला माणूस नव्हता. धान्य मग गावात वाटलं.

आता आमच्या डोळ्यांदेखतचं. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे. विहिरी तळाला. खडी फोडायच्या कामावर सगळं गाव. घरी अमेरिकेची लाल मिलो जवारी आणि कामावर सुकडी. त्या वर्षी मूठ कुठून निघणार? तरी निघाली. मिलोची निघाली. आजी म्हणायची, देवाला परदेशी चालतं. दिंडी निघाली ती थोड्या माणसांची, आणि वाटेतल्या गावांनाही काही नव्हतं म्हणून दिवसाला एकच पंगत. आम्हाला त्या वारीतलं आठवतं ते एवढंच की भाकरी लाल होती आणि वाढणारी बाई परत परत म्हणत होती, पोटभर म्हणू नका, पुरवून म्हणा.

मग जायकवाडी झाली. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाचा दगड बसवला, 1976 साली इंदिराबाईंनी धरण लोकांना दिलं. डाव्या कालव्याचं पाणी आपल्या तालुक्यात आलं. ज्याच्या रानात पाणी आलं त्याचा ऊस आला, मोसंबी आली, बँकेचं पुस्तक आलं. इथून दिंडीच्या पैशाची रीत पालटली. घरोघर जातं बंद पडलं, चक्की आली. दळण डब्यातून जाऊ लागलं, त्यातून मूठ काढायची सवय मोडली. मुठीच्या जागी पट्टी आली, घरटी ठरावीक रुपये. पट्टी सोयीची खरी. पण मुठीला बाईचा हात होता, पट्टीला गड्याचा. वहीत नावं आली ती घरमालकाची. शंभर वर्षांची वही उलगडा, त्यात बाईचं नाव शोधून सापडत नाही, एखादी विधवा असली तर तेवढी. दिंडी मात्र निम्म्याहून जास्त बायांची. तुळशी त्यांच्या डोक्यावर, हंडे त्यांच्या डोक्यावर, पहाटे दोनला उठून चुलीपाशी त्याच. ही वहीची मोठी उणीव आहे आणि ह्या ग्रंथात ती लिहून ठेवणं आम्हाला जरूर वाटलं.

बायांच्या भाकरीची ताकद पाहायची असेल तर गंगागिरी महाराजांचा सप्ताह पाहावा. सरला बेट आपल्याच गंगेत, वरच्या अंगाला. पावणेदोनशे वर्षं तो सप्ताह चालतो आहे, दर वर्षी नव्या गावाला. लाखांनी माणूस जेवतं. आचारी लावून एवढी भाकरी होणं शक्य नाही. पंचक्रोशीतली गावं वार वाटून घेतात, घरोघर भाकरी भाजतात, ट्रॅक्टर भरून भाकरी येते, आमटी तेवढी जागेवर मोठमोठ्या कढयांत. पैशात मोजायला गेलं तर कुठल्याही साखर कारखान्याला तो खर्च झेपायचा नाही. घराघरात वाटला म्हणून कुणालाच जड गेला नाही. आम्ही दोनदा तिथं कीर्तन ऐकायला गेलो आणि दोन्ही वेळा कीर्तनापेक्षा ट्रॅक्टरच जास्त बघितले.

शहागडचं आणखी एक आहे. जालन्याहून बीडला जाणारा रस्ता आपल्या पुलावरून गंगा ओलांडतो. म्हणून मोठमोठ्या पालख्या आपल्या दारावरून जातात. मुक्ताईची पालखी खानदेशातून पंढरीला निघते ती जालना, अंबड, वडीगोद्री करत ह्याच वाटेनं. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी 1968 पासून पंढरीला पायी येते. ती जाताना परभणी, परळीकडून जाते आणि परतताना बीड, गेवराईवरून आपल्या पुलावर येते. तेव्हा दिंडी स्वतः पंढरीहून परत आलेली असते, पाय अजून दुखत असतात, आणि त्याच माणसांनी पुन्हा चहा, फराळ, पाणी घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. शेगावकरांची शिस्त बघण्यासारखी. रांग मोडत नाही, पत्रावळ रस्त्यावर पडत नाही. त्यांच्या संस्थानात शिवशंकरभाऊ पाटलांनी सेवेकऱ्यांची जी रीत बसवली, हजारो माणसं पाळीपाळीनं येतात, काम करतात, पगार घेत नाहीत, तिचं वळण त्यांच्या पालखीलाही आहे. 2021 साली भाऊ गेले, रीत चालू आहे.

पुढं भिशी आली. म्हणजे चालणाऱ्या माणसानंच आपल्या जेवणखाण्याचे ठरावीक पैसे आधी भरायचे. शहरातल्या दिंड्यांनी ही रीत काढली, आपल्याकडं ट्रक आणि पाण्याचा टँकर आला तेव्हा ती आली. बैलगाडी होती तोवर खर्च पेंडीचा होता, आता डिझेलचा. तंबू, गॅसच्या टाक्या, जनरेटर, स्पीकर. भिशी वाईट नाही. ऐपतदार माणसानं फुकट का जेवावं? पण भिशी भरता येत नाही म्हणून एखादी म्हातारी घरी राहिली तर ती दिंडी कसली. आपल्याकडं ठरलेलं आहे की दर दहा भिशीमागं एक माणूस बिनभिशीचा, आणि तो कोण हे विणेकरी आणि वहीवाला ह्या दोघांखेरीज कुणाला कळता कामा नये. वहीत त्याच्या नावापुढं ‘जमा’ असंच लिहितात. आम्ही स्वतः तसं लिहिलेलं आहे आणि ते खोटं आहे असं आम्ही मानत नाही.

2020 साली महामारीत वारी बंद. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून पंढरीला गेल्या, नाथांच्याही, मुक्ताईच्याही. आपण घरी. पण त्याच्याआधी, वैशाखाच्या उन्हात, ह्या महामार्गावरून परप्रांतीची माणसं डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू घेऊन पायी जात होती. त्याच दिवसांत जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेले मजूर गावाकडं निघाले आणि करमाडजवळ रुळांवर थकून झोपले. 8 मे ला पहाटे मालगाडी आली, 16 जण गेले. ती बातमी कळली तेव्हा वारीसाठी जमलेला शिधा मंदिराच्या खोलीत होता. बैठक घ्यायला बंदी होती, म्हणून फोनावरच ठरलं. खोली उघडली, आणि पुलाच्या अलीकडं चूल मांडली. पोलिसांनी आधी हटकलं, मग त्यांनीच माणसं रांगेत उभी केली. सगळा शिधा संपला. आषाढीला वहीत जमा बाजू भरलेली आणि खर्चाच्या बाजूला एकच ओळ, ‘वाटसरूंची पंगत’. काहींनी विचारलं की हे दिंडीच्या नावावर कसं धरायचं? विणेकरी म्हणाले, ते लोक पायी चालत होते की नाही? मग धरा.

आता चालू काळ, आणि इथं दोन गोष्टी बोलल्यावाचून राहवत नाही. एक कीर्तनकाराची बिदागी. तुकोबारायांनी कीर्तन करणाऱ्याला घातलेलं बंधन सगळ्यांना पाठ आहे, जिथं कीर्तन करावं तिथं काही घेऊ नये. आज काही ठिकाणी पाकिटाचा आकडा आधी ठरतो आणि सप्ताहाची तिथी मागाहून. सप्ताहाच्या वर्गणीतला मोठा वाटा एका तासात जातो आणि अन्नदानाला उसनवारी करावी लागते. आम्ही स्वतः कीर्तन करतो, गाडीभाडं घेतो. म्हणून बोलायचा अधिकार थोडाफार आहे. आपल्या दिंडीनं ठरवलं की शताब्दीच्या सप्ताहात गाडीभाडं आणि नारळ, तिसरं काही नाही. दोन नामांकित मंडळींनी नकार कळवला. सातही दिवस कीर्तनं मात्र ठरली आहेत.

दुसरी गोष्ट देणगीची आणि फलकाची. 2024 च्या आषाढीला सरकारनं दिंड्यांना प्रत्येकी 20,000 रुपये देण्याचं जाहीर केलं. नोंदणीचे कागद पुरे केले तर पुढं आपल्यालाही मागता येईल असं तरुण मंडळींचं म्हणणं. टँकरचं डिझेल त्यात निघेल हेही खरं. जुन्या मंडळींचं म्हणणं, शंभर वर्षं मुठीवर चाललो, आता हात पसरायचा का? बैठकीत आवाज चढले. आम्हाला दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं दिसतं. सरकारचा पैसा आपलाच आहे, रस्त्यावरचं पाणी आणि संडास सरकारनं करावेतच, त्यात लाज नाही. पण फुकटच्या एका रकमेनं पट्टी मागायला जाणं थांबलं, तर दारोदार फिरताना जी माणसं भेटतात ती भेटायची थांबतील. पट्टी मागायला गेलो तेव्हाच कळतं कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाच्या बांधावर भांडण आहे, कुणाचा पोरगा कर्ज काढून फसला आहे. तेव्हा आमचं मत असं की पैसा घ्यायचा असेल तर घ्या, पण तो टँकरपुरता, आणि घरोघर फिरणं एका वर्षानंही चुकवायचं नाही. आणि फलक लावायचा तर त्यावर विठ्ठलाचा फोटो, दुसऱ्या कुणाचा नाही. निवडणुकीच्या साली तर नाहीच नाही. एका उमेदवारानं मंडपाचा सगळा खर्च देऊ केला होता, फक्त कमानीवर आपलं चित्र मागितलं. मंडळींनी त्याला पंगतीला बोलावलं, पोटभर जेवू घातलं आणि खर्चाचं उत्तर दिलं नाही. तो समजला.

हिशेब काल्याच्या दिवशी मोठ्यानं वाचायचा, ही रीत पहिल्यापासून आहे आणि ती कुणीही मोडलेली नाही. 1950 चा विश्वस्त कायदा आपल्याकडं मागाहून लागू झाला, धर्मादाय कचेरीत कागद जाऊ लागले, हिशेब तपासनीस आला. ते हवंच. पण कचेरीत वाचतो तो एक माणूस, काल्याला ऐकतं ते सगळं गाव. एकदा गुळाच्या ढेपीचा भाव चढा लागला होता, तर मागच्या रांगेतून एक म्हातारी उठून म्हणाली, त्या दिवशी बाजारात भाव अमुक होता. फरक लगेच भरून घेतला. ती निरक्षर होती.

शताब्दीच्या सालापासून नवी वही घालतो आहोत. मुठीची रीत पुन्हा सुरू होते आहे, जात्याऐवजी पिठाच्या डब्यापाशी. धान्य मोजून घ्यायचं आणि नाव घरमालकाचं न लिहिता मूठ काढणाऱ्या बाईचं लिहायचं, तिच्या स्वतःच्या नावानं, कुणाची बायको किंवा कुणाची आई असं नाही. काही बाया नाव सांगायला लाजतात, म्हणतात देवाला ठाऊक आहे. त्यांना आमचं सांगणं की देवाला ठाऊक आहे, वहीला नाही. गावातल्या आणि मळ्यातल्या वस्त्यांवरच्या बऱ्याच जणींनी नावं दिली आहेत. राहिलेल्यांनी काल्याच्या आत विणेकऱ्यांकडं द्यावीत, म्हणजे वही बांधायला टाकता येईल.